बंद दिव्यांची तपासणी

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला थांबला. धाकटीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरते. तुझी पाठ कशी आहे? वेधशाळेचा जिना जरा बेतानं चढत जा.

‘बाकी विशेष नाही’ असं लिहून खोडलंय. दिसतच असेल.

सोमवारी समितीची बैठक. बाहेरच्या प्रत्येक दिव्याला टोपण हवं, उजेड पिवळट आणि खालीच पडणारा हवा, हा नियम तू चार वर्षं हेलपाटे घालून करून घेतलास. आता तो रद्द करायला निघालेत आणि मग तुझी मोठी दुर्बीणही बंद. का, तर सगळे दिवे नियमात असूनही आकाशाचा उजेड मोजायच्या तुझ्या यंत्रावर ते तसूभरही काळं झालेलं नाही. सगळे नियमात आहेत हे म्हणतो नगरपालिकेचा अहवाल. तो अहवाल माझा.

ताई, मी दिवे दिवसा तपासले. ऑफिस पाचला सुटतं, पुढे थांबायचा कंटाळा. स्कूटरवरूनच मान वर करायची, टोपण दिसलं की खूण करायची. ‘उजेड खालीच पडतो’ हे बंद दिव्याबद्दल मी दोनशे बारा वेळा लिहिलंय! काय म्हणावं मला?

मंगळवारी एका गोदामापाशी स्कूटर पंक्चर झाली आणि दिवेलागणीपर्यंत अडकलो. दिवे लागले ते पांढरेफट्ट, टोपणाखाली वीतभर लोंबणारे. निम्मा उजेड आडवा आणि वर. रखवालदार म्हणाला, “साहेब, पहिल्यापासून असेच आहेत की!” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी तीन दिवस गप्प बसलो.

आणि खरं सांगू? माझ्या तपासणीची शंका मला आधीपासूनच होती. त्या रविवारी जेवताना तू यंत्राचे आकडे सांगत होतीस, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो, “ताई, यंत्राचं राहू दे, आधी चष्म्याचा नंबर तपास.” सगळे खो खो हसले. तूही हसलीस, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र दुरुस्तीला पाठवलंस. त्याला काही झालं नव्हतं गं. मला आतून माहीत होतं. लाज वाटते मला.

हे पत्र सोमवारी समितीसमोर वाच. नोकरी जाईल, हिला सांगितलंय. ती अजून बोलत नाहीये माझ्याशी.

वाचताना तू माझं नाव गाळशील. लहानपणापासून मला पाठीशीच घालत आलीस. या वेळी घालू नकोस.

तुझा भाऊ,
आणि नगरपालिकेचा दिवे तपासनीस