अठ्ठाविसाव्या दिवसाचे ठोकळे

९ एप्रिल, दुपार
काँक्रीट तपासणीची खोली

प्रिय लंबू,

आशीर्वाद. तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिचा गुडघा बरा आहे. जिने चढू नको म्हटलं की मुद्दाम चढते. क्रेनच्या केबिनमध्ये मान वाकवून बसलेला तुझा फोटो तिने आरशाच्या कडेला खोचलाय. "ह्याला जेवायला तरी वेळ मिळतो का गं?" विचारत होती. म्हटलं, मिळतो की, हेल्मेट बसेनासं झालंय डोक्यात. मग माझ्याच पाठीत धपाटा घातला.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी मध्येच रडले असते आणि तू "जाऊ दे गं ताई" म्हणाला असतास. शिवाय बोललेलं नाकारता येतं, कागद नाकारता येत नाही.

आधी एक सांगते. रविवारी तुम्ही ते दोनशे टनांचं जनित्र उचलून पायावर ठेवणार आहात ना? त्या दिवशी रजा टाक. आई आजारी आहे म्हण. काहीही म्हण.

हे वरचं खोडणार होते. राहू दे. आपली ताई काय लायकीची आहे ते तुला कळू दे. तू रजा टाकलीस तर क्रेनवर तुझा जोडीदार बसेल. त्याला नुकतीच मुलगी झाली, हे तूच लिहिलंयस. आणि खाली चौदा फिटर असतील ते वेगळेच.

आता सरळ सांगते.

१२ मार्चला तो पाया ओतला, तेव्हा मी तिथेच होते. नेमके त्याच दिवशी निधी देणाऱ्या खात्याचे पाहुणे पाहणीला आले. त्यांच्या गाड्यांसाठी फाटक अडवलं आणि काँक्रीटच्या गाड्या बाहेर उन्हात दोन तास तिष्ठत राहिल्या. माल घट्ट व्हायला लागला, तशी ड्रायव्हरांनी ड्रममध्ये पाइपने पाणी सोडलं. पाणी घातलं की काँक्रीट भराभर ओतलं जातं आणि कायमचं कच्चं राहतं. मी पाहिलं. ओरडलेसुद्धा. मग मूग गिळून गप्प बसले.

त्याच मालाचे तीन ठोकळे मी आणून हौदात ठेवले. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात राहतात, मग यंत्रात दाबून फोडायचे. ठोकळा कितीवर फुटतो ती पायाची ताकद. पण ३१ मार्चच्या आत 'पाया तपासणीत उत्तीर्ण' असा कागद गेला नाही, तर वीजकेंद्राचा यंदाचा सगळा सरकारी निधी परत जाणार होता. दिवस झाले होते एकोणीस. मोठे साहेब स्वतः इथे आले, माझ्या स्टुलावर बसले. "बाई, निधी गेला तर नऊशे माणसं घरी बसतील. त्यात तुमचा भाऊही आला. ठोकळे सावकाश फोडा, आकडा तेवढा आज लिहा."

चाळीस हवे होते. मी बेचाळीस लिहिले. नेमके चाळीस लिहिले तर कुणाला शंका येईल, एवढी अक्कल मात्र तेव्हा होती बघ! खाली सही केली. ठोकळे हौदातच होते.

आणि मग तुझं पत्र. "ताई, पायाच्या कागदावर तुझी सही पाहिली. सगळ्यांना दाखवली. आता मी बिनघोर." मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं कागद वाचायला!

आज अठ्ठाविसावा दिवस. सकाळी ठोकळे फोडले. चाळीस नको, पस्तीस तरी दे, असं त्या यंत्राला हात जोडून म्हणत होते. काटा सत्तावीसवर थांबला आणि मागे फिरला. दुसरा एकोणतीस. तिसरा सव्वीस.

तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "रविवारी मंत्री येतायत. सोमवारी बघू."

"आणि रविवारीच पाया खचला तर?"

"बेचाळीस हा तुमचाच आकडा ना, बाई?" असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी उठून आले.

लंबू, तुझ्या क्रेनचे चारही पाय त्याच पायावर टेकणार आहेत. पण उचलीच्या कागदावर क्रेनवाल्याने सही केल्याशिवाय भार हलत नाही, हा नियम तूच मला सांगितलास. ती सही करू नकोस. जोडीदारालाही करू देऊ नकोस. दमदाटी होईल. सरळ सुरक्षा अधिकाऱ्यासमोर हे पत्र ठेव. आजच्या आकड्यांची प्रत सोबत आहे. एक प्रत मी निधीच्या खात्यालाही पाठवते आहे. काम थांबेल. नऊशे माणसं मला शिव्या घालतील, तूही घाल. माझी नोकरी जाईल, पुढे काय वाढून ठेवलंय माहीत नाही. फार भीती वाटते रे. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस.

साडेतीनला टपालाची जीप तुमच्याकडे निघते. तुझ्याच हातात द्यायचं, असं ड्रायव्हरला बजावणार आहे.

तुला लिहिलेल्या पत्राखाली मी आजवर 'ताई' एवढंच लिहीत आले. आज पूर्ण सही करते, बेचाळीसच्या खाली केली होती तीच. ती तू सगळ्यांना दाखवलीस. आता हीसुद्धा दाखव.

तुझी ताई
(पूर्ण सही)
काँक्रीट तपासनीस