खंडेनवमीला फिरली पाहिजे

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

तिसरा दिवस, आणि ड्रिलचा चक अजून हाताने फिरत नाही! रॉकेल पाजून झालं, हातोडीचे टोले देऊन झाले, शिव्याही देऊन झाल्या. आजोबांनी पंजाबातून, बटाल्याहून मागवलेली ड्रिल मशीन, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि माझ्याइतकीच हट्टी. चौदा वर्षं वर्कशॉपच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होती.

दोन वर्षांपूर्वी अप्पांना अर्धांग झालं, मी निलंग्याहून माहेरी आले, तेव्हापासून वडिलांचं शटर मी उघडते. सगळ्या मशीनींना हात लावते. हिला मात्र अप्पांनी लावू दिला नव्हता. परवा आपण होऊनच म्हणाले, "खंडेनवमीला फिरली पाहिजे." का, ते सांगत नाहीत. विचारलं की भिंतीकडे बघतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

गल्लीतले दोन फिटर येऊन बघून गेले. दोघांचं म्हणणं एकच — हिचं बेरिंग बसवायचं तर सटवाजी पाहिजे. नाव निघालं आणि चहा तसाच ठेवून गेले.

२०११च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी याच मशीनने सटवाजीकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. वीस वर्षं आमच्याकडे कामाला होते. अप्पा सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "पिऊन आला होता." झालं! उदगिरात मग त्यांना कुणी मशीनपाशी उभं केलं नाही. देवणीकडे सासऱ्याच्या शेतात राबतात म्हणे.

मी काकांना फोन लावला. माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अप्पा काय म्हणले?"

त्यांनीच बोलावलंय, असं मी ठोकून दिलं.

१४ सप्टेंबर

अप्पांना सांगितलं, सटवाजीकाका येणार. नको म्हणाले नाहीत. पण ताटावरून उठले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार



आज पुली उतरवली आणि स्पिंडलचा दांडा खाली ओढला. बेरिंगच्या वर, काळ्या घट्ट ग्रीसमध्ये, काहीतरी गुंडाळलेलं होतं. चिमट्याने ओढून काढलं, रॉकेलमध्ये धुतलं. दोरा! नायलॉनचा. हिरवागार, रंगसुद्धा गेलेला नाही. हा कुठला, ते मला कुणी सांगायला नको.

आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक मशीनला झेंडूची माळ घालतात. ती हाताने काढायची नाही, वाळून आपोआप गळू द्यायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन त्या माळेसकटच चालू करायची. सुताची माळ असते, पट्ट्यात अडकली तर पटकन तुटते, कुणाचं काही बिघडत नाही. पण तासाभरात तुटून पडते म्हणून मला वाईट वाटायचं. त्या वर्षी मी शहाणपणा केला. ड्रिलची माळ नायलॉनमध्ये ओवली! कुणाला बोलले नाही, अप्पा रागावले असते.

सटवाजीकाका तेव्हा ओरडून सांगत होते, काहीतरी मनगटाला आवळलं, मला आत ओढलं. कुणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते. मीही नाही ऐकलं.

२० सप्टेंबर

दोरा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. मी आरतीला उभी, आणि डोक्यात हिशेब — कुणाला कळायची गरज काय? दोरा चुलीत टाकला की संपलं. काका येतील, बेरिंग बसवतील, जातील.

तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं, तेही मनात आणून बघितलं. निलंग्याची सोयरीक ठरत होती माझी. "हिच्या माळेनं माणसाचा हात गेला" — कोण करून घेणार होतं अशी सून? माझं लग्न लागलं. सटवाजीकाकांचं नाव गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर इथे बसून डायरी लिहितोय.

२९ सप्टेंबर, सोमवार

आले! एसटीने, भिजून. एवढ्या पावसात येतील असं वाटलं नव्हतं. केस पिकलेत. शटरच्या बाहेरच उभे राहिले, अप्पांनी मान हलवल्यावर आत पाऊल टाकलं. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तीन बोटांच्या हाताने स्पिंडल असा उचलला, की मी माझे दोन्ही हात मागे घेतले. बेरिंग गरम तेलात टाकायचं, फुगलं की एका दमात बसवायचं, हातोडी लावायची नाही. मला दाखवत होते, पण बघत होते मशीनकडे. चहा नको म्हणाले. मी आग्रह केला तेव्हा खाली बघूनच सांगितलं.

"अक्का, घरात शिरलो की बायको आदी तोंडाचा वास घ्यायची. तीन-चार वर्सं. मग तिनं सोडलं. पण मला सवय लागली, दारातच थांबून तिच्याकडं तोंड करायची. आजबी करतो."

मी मागच्या मोरीवर जाऊन रडले. डबी कमरेला खोचलेलीच होती. सांगितलं नाही. भेकड आहे मी!

३० सप्टेंबर, मंगळवार

फिरली! आवाज एकदम गोड. काकांनी लोखंडी पट्टीला एक भोक पाडलं, फुंकर मारली आणि पट्टी अप्पांच्या मांडीवर नेऊन ठेवली. अप्पांनी डाव्या हाताने ती किती वेळ चाचपली.

काकांना बसस्टँडवर सोडायला मी निघाले होते, पण मीच थांबवून घेतलं. उद्याची पूजा बघून जा म्हटलं. त्यांचं नाव गल्लीसमोर गेलं, तर ते गल्लीसमोरच परत द्यायला हवं. घरात कानाशी सांगून भागणार नाही. अप्पांना काय वाटेल, अर्धांगाचा माणूस, झेपेल का — हे सगळं आहेच. पण उद्या बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही.

उद्याच्या माळा सुतातच ओवल्या. प्रत्येक दोरा ओढून, तुटतो ना ते बघितलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा झाली. सगळी गल्ली पेढ्याला थांबली होती. मी दोरा मुठीत घेऊन उभी राहिले आणि सांगितलं — सटवाजीकाका त्या दिवशी प्यालेले नव्हते. मशीनमध्ये दोरा निघालाय. माळ मी ओवली होती.

काका माझ्याकडे बघत नव्हते, अप्पांकडे बघत होते.

अप्पा खुर्चीतून म्हणाले, "हिरवा हाय त्यो."

मी अजून मूठ उघडली नव्हती, रंगही कुणाला सांगितला नव्हता.