अटी वाचून होईपर्यंत

रविवार, २ नोव्हेंबर
काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिले होते, ‘ताईने मला कॉम्प्युटरवरचा एक खेळ भेट दिला.’ ताईने तो परवा, शुक्रवारी, पाठवला. मी अजून घेतलेला नाही. खेळांच्या ऑनलाइन दुकानात तो माझ्या नावाने पडून आहे. घ्यायचा तर आधी तिथे खाते उघडावे लागते. मुदत चार आठवडे, म्हणजे शुक्रवार, २८ पर्यंत. मला एक संध्याकाळ पुरेल.

खेळ दोघांचाच आहे. दोन गिर्यारोहक, मध्ये दोरी. एक चढतो तेव्हा दुसऱ्याने दोरी धरून ठेवायची. एकट्याला चढताच येत नाही.

ताई नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली त्याला चार महिने झाले. फोनवर आमचे हल्ली ‘जेवलीस का’ आणि ‘बरी आहेस ना’ यापुढे जात नाही. ती म्हणाली, अगं, बोलायला काही नसलं तरी खेळता तर येईल.

संकल्प: पुढच्या रविवारी, ठीक चार वाजता, पहिला कडा.

सोमवार, ३ नोव्हेंबर
खाते उघडायला बसले. नाव, ईमेल, पासवर्ड झाले. मग एक चौकोन आला: ‘मी अटी वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.’ वाचल्या नव्हत्या. म्हणून वाचायला घेतल्या. सत्तेचाळीस कलमे. मी औषधांच्या लेबलांच्या छापखान्यात तपासनीस आहे, बारीक टाइप वाचण्याचाच पगार घेते. त्यामुळे हे काम माझ्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

शिवाय संस्कार. आईच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेचे तोंड पाहिले नाही. मास्तर बाबा, वर्गात ताई आणि मी. बाबांचा पहिला धडा होता, न वाचता सही करणे म्हणजे खोटे बोलणे. ताई त्या धड्याला खिडकीबाहेर बघत होती.

तिचा फोन आला. झालं का, म्हणाली. मी म्हटले, कलम सहा. ती म्हणाली, अगं वकीलबाई, खाली ओढ आणि दाब. मी म्हटले, आणि बाबांना काय तोंड दाखवू? ती हसत सुटली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कलम एकोणीस. वाद झाल्यास निवाडा कोण करणार, ते स्पष्ट नाही. माझा दुकानाशी वाद व्हायचे काही कारण नाही. तरी विचारून ठेवले.

शनिवार, ८ नोव्हेंबर
सत्तेचाळीसही झाली. चौकोनात खूण केली. लगेच जन्मतारीख विचारली.

शाळेत घालताना बाबांनी माझी जन्मतारीख सात महिने पुढे ढकलली, म्हणजे वयाच्या नियमाने मला हव्या त्या वर्गात बसता यावे. तेव्हापासून माझ्या दोन तारखा आहेत, एक कागदावरची आणि एक घरातली. कागदावरची घातली. खाते उघडले. ताई सोबत्यांच्या यादीत आली. भेटही समोर आली, चित्रातल्या रिबिनीसकट, आणि खाली बटन: ‘घ्या’. आत्ताच दाबणार होते. पण उद्या चारला ताई फोनवर असताना दाबीन.

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळी नऊ. मन खाते आहे. कलम तीन म्हणते, दिलेली सर्व माहिती खरी आहे. माझी नाही. खोट्या तारखेवर उभी राहून मी सख्ख्या बहिणीची दोरी धरणार नाही. दुकानाच्या मदत विभागाला कळवले की मी दिलेली जन्मतारीख खरी नाही, कृपया दुरुस्त करावी.

दुपारी तीन. उत्तर आले. कामाला तत्पर आहेत. खऱ्या तारखेचा पुरावा मागितला आहे. माझ्याकडे ओळखपत्र आहे, ते पाठवले. त्यावर अर्थात कागदावरची तारीख आहे.

चार वाजता. त्यांचे म्हणणे असे: ओळखपत्राप्रमाणे तारीख बरोबर दिसते. ती खोटी असल्याचे आपणच लिहून दिले आहे. चौकशी होईपर्यंत खाते गोठवले आहे. पाहता येईल, घेता किंवा खेळता येणार नाही.

तर्क बिनतोड आहे. त्यांच्या जागी मीही हेच केले असते.

ताईला सांगितले. ती म्हणाली, बरं, तुझं होईल तेव्हा सांग, मी थांबते. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते: मी थांबते.

बुधवार, १२ नोव्हेंबर
छापखान्यात कटिंगवाल्या मावशींना सगळी हकीकत सांगितली. म्हणाल्या, म्हणजे स्वतःच चोर चोर म्हणून ओरडलीस, आणि आता पोलीस आले म्हणून रडतेस. मी रडत नव्हते. शाईने डोळे चुरचुरतात.

गोठलेल्या खात्यातूनही फोनवर यादी दिसते. ताईच्या नावापुढे राखाडी ठिपका. शब्दाची पक्की आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दुपारी दोन, जेवणाची सुट्टी. सहज पाहिले. ठिपका हिरवा. ताई आमचा खेळ खेळते आहे. सराव करत असणार, मला शिकवता यावे म्हणून. मोठी बहीण ती मोठी बहीण.

दोन दहा. आठवले, हा खेळ एकट्याने चालत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर
ताईच्या पानावर तिने मिळवलेली पदके दिसतात, तारीख-वेळेसह. ‘पहिला कडा’: मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी २.४०. ‘उतारावर विसावा’: गुरुवार, १३ नोव्हेंबर, ३.१५. म्हणजे ती माझ्यासाठी दोन दिवस थांबली. सोबतीच्या चौकटीत एका काळ्या टोपीचे चित्र, खाली नाव म्हणून नुसते आकडे.

मी पाळत ठेवत नाही. पान उघडे आहे म्हणून दिसते.

फोनवर आडून विचारले, दुपारी काय करतेस हल्ली? ती म्हणाली, काय करणार, ड्यूटी संध्याकाळची, लोळते. खोटे बोलताना ती लहानपणापासून नाक ओढते. आज दोनदा ओढले. तिथेच पकडता आले असते, पण मोठ्या बहिणीला लाजवणे बरे नव्हे. केवळ तिच्यासाठी गप्प बसले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
टोपीवाला तिच्या ऑफिसातला असणार, दुपारी रिकामा. खेळाची आकडेवारीही उघडी आहे. या इसमाने आजवर दोनशे तीन वेळा दोरी सोडली आहे. असल्या माणसाच्या भरवशावर ताई कड्याला लटकते, आणि मी, जिने सत्तेचाळीस कलमे वाचली, खाली उभी.

घरातही कुणाला शिस्त उरलेली नाही. कॉम्प्युटरची खुर्ची कुणीतरी खाली करून ठेवते. माझ्या हेडफोनला बामचा वास येतो. बाबांना विचारले, तर म्हणाले, मानेला चोळतो ना, वास काय, घरभर हिंडतो. पटले. आई म्हणाली, यांची दुपारची झोपही उडालीय. वयाचा परिणाम. बाबांची काळजी वाटते.

जेवताना न राहवून टोपीवाल्याचे सगळे सांगून टाकले. बाबा ताटात बघत म्हणाले, असेल कुणी बिचारा सज्जन. मी म्हटले, सज्जन माणूस दोनशे तीन वेळा दोरी सोडत नाही. आईला ठसका लागला. बाबांनी तिला पाणी दिले आणि पाणी देऊन होईपर्यंत मान वर केली नाही.

घरात निदान आई तरी माझ्या बाजूची आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर
मदत विभागाला तिसरे पत्र. उत्तर नाही.

ताईवर राग नाही. फक्त निर्णय: खाते सुटले तरी भेट घ्यायची नाही, रीतसर नकार कळवायचा. नकाराचे चार मसुदे केले. चौथ्यात ‘विश्वासघात’ शब्द काढून ‘गैरसोय’ घातला. जास्त लागेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर
छापण्याचे यंत्र बंद पडले, सगळ्यांना एक वाजता सोडले. घरी पोचले तेव्हा दोन वीस झाले होते.

बाबा कॉम्प्युटरपुढे बसले होते, पाठ दाराकडे, कानांवर माझे हेडफोन. म्हणत होते, धरलंय गं, धरलंय, तू चढ, या खेपेला नाही सोडत. मग सोडले. हेडफोनमधून ताईचे हसणे दारापर्यंत आले. चार महिन्यांत ती माझ्याशी तशी हसलेली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात काळी टोपी.

मी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. बाबांनी वळून पाहिले. म्हणाले, आज लवकर? मी विचारले, अटी वाचल्यात? ते म्हणाले, कसल्या अटी? म्हटले, सत्तेचाळीस कलमे. ते म्हणाले, हां, ते होय, ताई म्हणाली खाली ओढा आणि दाबा. मी म्हटले, आणि जन्मतारीख? ते म्हणाले, यादीत सगळ्यांत शेवटी जी होती ती. तिथे बोट आपोआप गेलं.

दुकानाच्या हिशेबी बाबा एकशे पंचवीस वर्षांचे आहेत. त्यांचे खाते कुणी गोठवलेले नाही.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मी रोज सांगत होते, पोरीला सांगा म्हणून. म्हणजे आईसुद्धा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
ताईचा फोन. एकदाही नाक ओढले नाही. म्हणाली, तुझं खातं गोठलं आणि दुसऱ्याच दिवशी बाबांचा फोन आला, घर रिकामं वाटतं म्हणाले. म्हणून त्यांनाही खेळ पाठवला. मी म्हटले, घरात मी राहते. ती म्हणाली, अगं, दुपारचं म्हणत होते ते. तुला सांगणारच होतो, पण तू टोपीवाल्याची अशी काही चामडी सोललीस की बाबांची हिंमतच होईना.

मी म्हटले, मला अजिबात वाईट वाटलेले नाही. ती म्हणाली, वाटलंय. आणि सरळ सांग, तुला खेळायचंय का माझ्याशी? मी म्हटले, बाबांना आनंद मिळतोय ना, मग झाले. ती म्हणाली, मी बाबांचं विचारत नाहीये. मी म्हटले, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला.

गॅसवर दूध नव्हते.

बुधवार, २६ नोव्हेंबर
खाते सुटले. एका ओळीचे पत्र: चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही. जन्मतारखेबद्दल चकार शब्द नाही. ‘घ्या’ पुन्हा समोर आले आहे. नकाराचा चौथा मसुदा काढला, वाचला, घडी घालून ठेवला.

बाबा जवळ येऊन बसले. म्हणाले, बाळ, आमचा शेवटचा कडा राहिलाय, शुक्रवारी दुपारी चढायचा ठरलाय. तू बस माझ्या जागी, मला काय त्याचं. हेडफोन पुढे केले, पुसून आणले होते. मी म्हटले, छे, तुम्ही सुरू केलेत, तुम्हीच पूर्ण करा. ते म्हणाले, बरं.

इतक्या लगेच म्हणायला नको होते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
आता स्वच्छ लिहिते. मला ताईशी खेळायचे आहे. हे अजून कुणालाच सांगितलेले नाही. तिने विचारले तेव्हाही नाही.

आजच गुपचूप ‘घ्या’ दाबता येईल. पण न बोलता घेणे म्हणजे चोरून घेणे, आणि घरात चोरून पुष्कळ झाले. आधी तिला सांगायचे, मग दाबायचे. आज तिची जादा ड्यूटी आहे. उद्या दोघांचा शेवटचा कडा. मी आदल्या घटकेला फोन करून तिचे मन हलवले आणि बाबांच्या हातून दोरी सुटली, तर बोल मलाच लागणार. चढून झाल्यावर लगेच तिची ड्यूटी.

मुदत उद्या संपते हे मला माहीत आहे. कलम एकतीस म्हणते, ‘सर्वसाधारणपणे’ चार आठवडे. म्हणजे सौजन्याने विचारले तर एखादा दिवस मिळायला हरकत नसावी. तसे पत्र आज मदत विभागाला पाठवले आहे. ते तत्पर आहेत, पूर्वी एकदा तासाभरात उत्तर दिले होते.

परवा छापखाना अर्धा दिवस. जेवून, तोंड धुऊन, दार लावून बसेन आणि फोन करीन. म्हणेन, ताई, मला तुझ्याशी खेळायचंय. दुसरे काही बोलणार नाही.

संकल्प: शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपारी ठीक तीन वाजता.