धुतलेली पिंपं

३ मार्च
लाटंबार्सेत पोचले एकदाची! कारखान्यातल्या विषारी कचऱ्याची देखरेख आजपासून माझ्याकडे. खोलीमागे काजूची बाग. घरमालकीण शालिनीवहिनींनी आल्याआल्या गरम पाव आणि तोणक, म्हणजे नारळाच्या वाटणाची उसळ, दिलं, 'अमृता, शिगम्याला गावाला पळायचं नाही' अशी ताकीदही दिली. गडहिंग्लजची आठवणसुद्धा आली नाही.

५ मार्च
शेडमध्ये आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. विषारी द्रावकाची सात रिकामी निळी पिंपं तशीच पडलेली. नियम भिंतीवर टांगलाय: तीनदा धुवा, लगेच भोकं पाडा, कारण प्लास्टिकमध्ये विष मुरलेलं राहतं, कोणी परत वापरता कामा नये. धुतली. भोकं पाडायचं यंत्र मागितलं तर मधुकरसाहेब म्हणतात, अर्ज करा. आत जागा नाही. शेवटी प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने 'धुतलेलं' लिहून फाटकाबाहेर उपडी घातली.

८ मार्च
तिसरा अर्ज. यंत्र नाहीच, आता पिंपंही नाहीत! साहेब म्हणाले, भंगारवाल्याने नेली असतील, ब्याद गेली. नोंद कुठे करू, त्यांच्या कपाळावर?

१२ मार्च
वहिनींनी नीरो पाजला, काजूच्या बोंडूंचा ताजा रस. वास जरा उग्र वाटला. पण नाही म्हणवेना, दोन पेले प्यायले.

१३ मार्च
डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे धुकं. वहिनींचे यजमान दत्तारामभाऊही उंबऱ्याला अडखळले. फेणीच्या भट्टीचा धूर डोळ्यांत गेला म्हणाले.

१४ मार्च
वहिनींच्या मागीलदारी निळं पिंप. रसाने भरलेलं. वर माझं अक्षर.
मी ओरडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "धुतलां म्हण तुंवेंच बरयलां न्हय गो बाय? इतलें बरें पिंप उडयतात कित्याक?"
इतकं चांगलं पिंप फेकायचं कशाला, म्हणून उरलेली सहा त्यांनी देवळात दिलीत. उद्या शिगम्याला सगळ्या वाड्याला नीरो.
धावत देवळात गेले. मंडळी हसली. पिंपावर काय लिहिलंय ते वाच म्हणाली.
साहेबांना फोन केला. म्हणाले, लेखी द्या.

१५
ओळ दिसत नाही. अंदाजाने लिहितेय— फोनचे आकडे चाचपडले, लागत नाही—
मीच लिहिलं ते. मीच—
ढोल सुरू झाले. खिडकीतून ओरडतेय, ढोलात कोणाला ऐकू—
दार वाजलं. वहिनींचा आवाज. माझा पेला आणलाय म्हणतात, आधी सगळ्या पोरांना पाजून मग—