सुमेधच्या पलंगाखालचा डबा

मंगळ, ४ नोव्हें. अमरावती

सुमेधचं पुण्यानुमोदन आटोपलं, आज ऑफिस. धाकटा भाऊ गेला आणि लोक विचारतात, "मॅडम, जॉइन झाल्या का?" झाले.

सुमेधने एकट्याने लिहिलेलं लॅबचं सॉफ्टवेअर आता माझ्याकडे. अकोल्याच्या लॅबला रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवून हवा. वाढवला. पण बिल्ड होत नाही, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार होत नाही. कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यात चालतं ती बंद पेटी, तयार होताना लागणाऱ्या कोडच्या लायब्ररी ओढायच्या वेळी अडकतो. एरर एकच, सर्व्हरचं नाव सापडत नाही.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे. "सुमेध गेला अन् त्याचं सॉफ्टवेअरबी गेलं." शेजारच्या टेबलावरचा अक्षय हसला. साहेबांना हा विनोद वाटतो.

बुध, ५

अक्षयचे उपाय. जुन्या सगळ्या इमेज पुसल्या. मशीन बंद-चालू केलं. पुन्हा बंद-चालू केलं. मग, "ताई, नेट तं चालू हाये. हे पाहा, मॅचचा स्कोर दिसून राह्यला."

मशीनला नाव सापडतं, आतल्या कंटेनरला सापडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी, असं सांगितलं. "एकाच मशीनमंदी तं हायेत दोघं!" फर्स्ट क्लास आहे त्याला.

दुपारी त्याने कंटेनर बांधायच्या सूचनांमध्येच, डॉकरफाइलमध्ये, नेमसर्व्हर लिहिला, म्हणजे नावं कुणाला विचारायची त्याचा पत्ता. तो त्या पायरीपुरताच टिकतो, पुढच्या पायरीला नसतो. नव्हताच. त्याने पुन्हा तेच लिहिलं.

साहेबांचा निकाल: सोमवारपर्यंत चाललं तर ठीक, नाही तर सु.चं सगळं काढून टाकायचं, अक्षय नव्याने लिहील. "लॅबवाल्यांले सांगून देऊ, जुनं काम कच्चं होतं. तो काही ऐकायले येत नाही आता."

यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

शुक्र, ७

सगळे सु.च्या कोडमध्ये खोट शोधतायत. कोडमध्ये काही नाही. ओळ न् ओळ पाहिली. स्वच्छ.

आज मशीनवरची डॉकरची सेटिंग फाइल उघडली. कंटेनरसाठी नेमसर्व्हर म्हणून एकच पत्ता. ऑफिसचा नाही. आमच्या घरचा, अकोल्याचा.

मग आठवलं. आजारपणात तो घरून काम करायचा. आपल्या लायब्ररी ठेवायला एक छोटा सर्व्हर द्या म्हणून साहेबांच्या मागे लागला होता. साहेब म्हणाले, "काहून पाह्यजे बे? तुह्या घरीच ठेव ना एखादा डबा." त्याने ठेवला. पलंगाखाली. तेव्हापासून अमरावतीचा कंटेनर प्रत्येक नाव त्या डब्याला विचारून पुढे जायचा. एवढ्या मोठ्या साहेबांची कंपनी एका पलंगाखाली चालत होती. आणि कच्चं काम सु.चं.

आईला फोन. "डबा? तुह्या मामानं काढला न बाई. पुण्यानुमोदनाले लोकं बसवाले जागा नव्हती. पलंग भायेर काढला, वायरी काढल्या."

रवि, ९. अकोला

गाडीत मूर्तिजापूरपर्यंत उभी. मामा घरीच होता. "ते भंगार? माळ्यावर टाकलं म्या. सारखं लुकलुक करे. दुःखाच्या घरी चांगलं नाही दिसत." ज्याने घरातला बल्ब कधी बदलला नाही त्याने नेमका हाच डबा बंद केला. वर दोनदा चहा प्याला.

हारांच्या रिकाम्या टोपलीखाली होता. उतरवला, पुसला. पलंग जागेवर आणला. आईने दुसरी बाजू धरली. वायरी लावल्या. लाल दिवा, मग हिरवा.

"चालू हाये?" आईने विचारलं.

"हो."

लॅपटॉपवरून ऑफिसच्या मशीनला जोडून बिल्ड सुरू केला. जिथे अडकत होता तिथून पुढे गेला. शेवटपर्यंत गेला. सु.च्या कोडला हात लावावा लागला नाही.

सोम, १०

साहेबांना दाखवलं. "पाह्यलं का अक्षय? म्या म्हनलोच होतो, काम पक्कं होतं पोराचं." चेहरा जराही बदलला नाही. असा चेहरा कमवावा लागतो.

अक्षय: "म्या रिस्टार्ट मारला होता ना, त्याचा फरक पडला असन."

डबा कुठे आहे आणि का, तेही सांगितलं. लाज वाटेल असं मला वाटलं होतं. माझी चूक. साहेब म्हणाले, "मंग आनून टाका ना मॅडम तो इथं. काम तं कंपनीचंच करते तो."

बुध, १२. अमरावती

लायब्ररी ऑफिसच्या मशीनवर घेतल्या. सेटिंगमध्ये ऑफिसचा पत्ता टाकून बिल्ड केला. चाललं. म्हणजे डब्याची गरज नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. नियमाने हेच बरोबर. मग परत जुना पत्ता टाकून ठेवला. उद्या नीट करू म्हणून.

संध्याकाळी आईचा फोन. "तो हिरवा लाइट मंधातच लुकलुक करते. काहून?"

"ऑफिसातून काही विचारलं की करतो."

मग म्हणाली, "मंग विचारत जा."

गुरु, १३

साहेब: डबा कधी आणता? रविवारी पाहू, म्हटलं.

सेटिंग फाइल उघडी आहे. जुनाच पत्ता. एक ओळ बदलायची, बस.

आज बिल्डची गरज नव्हती. तरी केला.