आजचे, एकूण, कालचे

३ नोव्हेंबर, सोमवार
आज परत अडकलं! कागलच्या कारखान्यात आमच्या कंपनीची फाइल सिस्टीम ठप्प. कारण सापडलं — दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे दोन कामगारच, एकाच वेळी कामाला लागलेले. एकानं 'आजचे' फोल्डरचं लॉक धरलंय आणि 'एकूण'ची वाट बघतोय. दुसऱ्यानं 'एकूण' धरलंय, त्याला 'आजचे' हवंय. कुणीच सोडत नाही!

माझे वरिष्ठ अतुल सर म्हणाले, "टाइमआऊट टाक. जरा थांबायचं, सोडायचं, परत धरायचं." पण परत दोघं तसंच धरणार! मी म्हटलं, मुळातूनच काढते.

"काढ की! शुक्रवारपर्यंत. त्याच दिवशी आपले मालक तुला नोकरीत पक्कं करायचं का न्हाय ते ठरवणार हायत."

४ नोव्हेंबर
किती साधं! सगळ्यांनी लॉक एकाच क्रमानं घ्यायचे. मी नावांचा अकारविल्हे क्रम लावला — आधी 'आजचे', मग 'एकूण'.

आईला सांगितलं. "म्हंजे रांगेत उभं ऱ्हायचं. एवढ्यासाठी इंजिनेर झालीस व्हय?"

६ नोव्हेंबर
चाचणीत एकदाही अडकलं नाही. कागलला बसवलंसुद्धा! सरांनी मिसळ खिलवली. घरात पहिली पदवीधर मी, आता पहिली पक्क्या नोकरीवाली!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी कागलच्या कृष्णातदादांना फोन केला — तिथला कॉम्प्युटर तेच सांभाळतात. सगळं झकास! मग सहज म्हणाले, "आत्ताच 'आजचे'चं नाव 'कालचे' केलं. रोजच करतो की, मॅडम."

म्हणजे माझा क्रम मोडला! 'आजचे' हे 'एकूण'च्या आधी येतं, 'कालचे' नंतर! एक थ्रेड जुन्या नावानं निघालेला, दुसरा नव्या नावानं — पुन्हा समोरासमोर. आज नाही अडकलं, पण कधीतरी अडकणारच.

सरांना सांगितलं. "गप की! चाललंय न्हवं? आधी पक्की हो, मग नीट कर."

नाही जमलं. मालकांसमोर बोलून टाकलं — माझा उपाय चुकलाय. प्रत्येक फोल्डरला सिस्टीमचा एक नंबर असतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. क्रम त्याचा लावायला हवा.

मालक नुसतं "बघू" म्हणाले. पक्कं करायचं राहिलं. सर माझ्याशी बोलेनात. मी मात्र घरी येऊन पोटभर जेवले!

१० नोव्हेंबर
नंबरवालं कागलला बसवलं.

अतुल सर नोकरी सोडून पुण्याला चाललेत! मालकांनी विचारलं, कागल कुणाकडं द्यायचं? सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हिच्याकडं. काय बिघडलं तर तुम्हाला आधी कळंल तरी."