पाच मिनिटांची गिनती

सोमवार, ४ ऑगस्ट
त्या गुरुवारी सकाळी ऑपरेशनमध्ये मी घड्याळ पाहिलं नाही. चार दिवस हे लिहायचं टाळलं.

पेशंट तिरला गावच्या बाई. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ. सर कोपऱ्यात कन्सोलवर बसून रोबोटचे हात चालवत होते, डॉ. शिवानी टेबलाशी. आमची ठरलेली पद्धत: टाचून कापणारा स्टेपलर स्वादुपिंडावर हळू मिटवायचा, पाच मिनिटं दाबून ठेवायचा, मगच कापायचं. घाई केली तर ते फाटतं. मिनिटं मोठ्यानं सांगायचं काम माझं. शिवानीबाई "क्लोज्ड" म्हणाल्या तेव्हा मी रोबोटचं अवजार बदलत होतो. काटा कुठे होता, पाहिलंच नाही. "सर, चुकलो" म्हणायला जीभ उचलली नाही. मनात देवाचं नाम घेत वेळेचा अंदाज धरला आणि "पाँच" म्हणालो. कागदावरही पाच लिहिलं.

बुधवार, ६
बाईंच्या पोटातल्या नळीतून स्वादुपिंडाचा रस येतोय. ताप. जिन्यात बाईंचे यजमान भेटले. "भिया, तम तो अंदर था नी? सब ठीक हुयो थो?"
"हाँ जी." आणि पुढे चालू लागलो.

शुक्रवार, ८
त्या केसवर आमची बैठक. सर म्हणाले, "शिवानी, हाथ जल्दी चला तुम्हारा."
"सर, मैंने तो धीरे ही..."
"टाइम तो पूरा था. भाऊ की गिनती में गलती नहीं होती."
त्यांनी वही मिटली. मीही.
सगळे गेल्यावर एकट्यानं ऑपरेशनचा व्हिडिओ लावला. मिटण्यापासून कापण्यापर्यंत तीन मिनिटं दहा सेकंद.

रविवार, १०
दर रविवारसारखा टेकडीवरच्या देवळात गेलो नाही. देवीपुढे कोणत्या तोंडानं. देवाचं नाव खोटं झाकायला वापरलं, हे सगळ्यात...
घरात पूजेला बसलो, उठवेना. हिला काही सांगितलेलं नाही. म्हणाली, "पोहे निवले. तुमच्या आधी देवच उठतील आता."

सोमवार, ११
बैठक सुरू होताच उभा राहिलो. सांगितलं. व्हिडिओही दाखवला. गळती त्यामुळेच झाली का, सरांनाही सांगता येत नाही. पूर्ण वेळ दिला तरी कधी कधी होते म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "ये उसी वक्त बोलना था, भाऊ. दोबारा गिन लेते." एवढंच करायचं होतं.
शिवानीबाईंची माफी मागितली. "तीन दिन मैं अपने हाथ देखती रही," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. यापुढे मला टेबलाशी उभं करायचं की नाही, ते सर ठरवतील.
दुपारी सरांबरोबर बाईंच्या यजमानांकडे गेलो. सरांनी सुरुवात केली, तेवढ्यात मीच म्हणालो, "गिनती मेरी गलत थी. और उस दिन जीने में आपसे झूठ बोला."
ते वळले. दार लोटून बाईंजवळ जाऊन बसले.